कायद्याच्या पुस्तकांमागे

ग्रंथालयातल्या काउंटरवरचा तो नवा सहायक पहिल्यांदा तिच्याशी बोलला, तेव्हा तिच्या हातातलं कार्डच खाली पडलं.

"आज एकच पुस्तक?" एवढंच विचारलं होतं बिचाऱ्याने.

"नियम एका वेळी एकाचाच आहे ना!" ती जरा जास्तच जोरात म्हणाली.

"आहे की. पण नियम पाळणारी माणसं फार थोडी उरलीत हो..." त्याने शिक्का मारला, पुस्तक पुढे सरकवलं आणि हसला.

झालं! घरी पोचेपर्यंत तिच्या डोक्यात एकच घोळ. याला कळलं की काय? कारण कळण्यासारखं होतं खरं. दोन भागांची एक कादंबरी ती वाचत होती. पहिला भाग आपल्या हातात आणि दुसरा भलत्याच कुणाच्या उशाशी, या कल्पनेनेच तिची झोप उडायची. मग तिने तो दुसरा भाग खालच्या फळीवर, कायद्याच्या जाडजूड पुस्तकांमागे सरकवून ठेवला होता. तिथे वर्षानुवर्षं कुणाचा हात लागत नसे. पुढे तिला ती सवयच जडली. आवडलेलं पुस्तक दिसलं, की ते चाललं कायद्याच्या आडोशाला.

"काळजीवाहू, तुला वाचायला आवडतं की घाबरायला?" ताई विचारायची. ताईला काय, उशीला डोकं टेकलं की घोरायला मोकळी!

पुढच्या आठवड्यात ती हळूच त्या फळीशी वाकली. दुसरा भाग जागेवर होता, पण त्याला खेटून आणखी एक पुस्तक उभं होतं. लहानसं, निळ्या पुठ्ठ्याचं. तिने ठेवलेलं नव्हतं ते! तिने मागे पाहिलं. तो काउंटरवर मान खाली घालून फाटलेलं पान चिकटवत होता आणि त्याचे कान मात्र लालबुंद झाले होते.

ते निळं पुस्तक तिने एका बैठकीत वाचलं. एका दीपगृहातल्या म्हाताऱ्याची गोष्ट होती. वाचताना ती दोनदा रडली, एकदा खुदकन हसली, आणि मग पुस्तक मिटून बसून राहिली. इतकं आपल्या मनातलं कुणाला कसं ठाऊक? तो असेल तर? आणि नसेल तर? मेलं, दोन्हींची भीती वाटत होती.

त्यानंतर दर खेपेला तिथे एक नवं पुस्तक सापडू लागलं. ते तिथे कुणी ठेवलं, याबद्दल दोघं चकार शब्द काढत नसत.

"कसं होतं?" तो शिक्का मारता मारता विचारायचा.

"बरं होतं."

"नुसतं बरं?"

"फार... फार बरं."

मग एका संध्याकाळी त्याने शिक्का उलटाच मारला. तिनेच धीर करून विचारलं, "बरं नाही का तुम्हाला?"

"उद्या दुपारपासून पुस्तकांची मोजणी आहे," तो म्हणाला. "मी आल्यापासून पुस्तकं जागेवर सापडत नाहीत, असं ग्रंथपाल बाईंचं म्हणणं आहे. उद्या काही भलतीकडे निघालं, तर मला कायम करणार नाहीत. सरळ घरी..."

आदल्याच खेपेला तिने तिथे एक कादंबरी दडवली होती, ती आता काढून जागेवर ठेवायला हवी होती. पण ग्रंथपाल बाई नेमक्या त्या फळीसमोर खुर्ची टाकून बसल्या होत्या, आणि दिवे मालवेपर्यंत काही त्या हलल्या नाहीत. मग कुलूप लावून किल्लीही त्यांनी स्वतःकडेच घेतली; ग्रंथालय आता थेट मोजणीलाच उघडणार होतं.

रात्रभर तिचा डोळ्याला डोळा लागला नाही. ती दातांच्या दवाखान्यात मदतनीस होती. दुसऱ्या दिवशी लवकर निघायची परवानगी तिने सकाळीच मागून ठेवली, पण नेमका शेवटच्या पेशंटचा दात हटून बसला! पेशंट आ वासून पडलेला, डॉक्टर घामाघूम, आणि ही चिमट्याऐवजी कापूस पुढे करतेय. दात निघाला तशी ती अंगावरचा पांढरा कोटही न काढता धावत सुटली.

पोचली तेव्हा कायद्याची पुस्तकं जमिनीवर आली होती. बाईंच्या एका हातात तिची कादंबरी होती, दुसऱ्या हातात एक निराळंच छोटं पुस्तक. तो समोर हातात कायद्याचं एक पुस्तक धरून, मान खाली घालून उभा होता.

"कुणी लपवलं हे?" बाई म्हणाल्या.

"मी," तो म्हणाला.

"मी!" ती दारातूनच ओरडली.

बाईंनी चष्म्यावरून आधी त्याच्याकडे पाहिलं, मग पांढऱ्या कोटाकडे. "दोन पुस्तकं, दोन चोर. हिशेब तरी जुळला!"

"यांची काही चूक नाही हो बाई," तिला धाप लागली होती. "सुरुवात मी केली. माझं सभासदत्व काढून घ्या, पण यांची नोकरी... यांना घालवू नका. मला नाही सहन होणार." बोलून गेली आणि स्वतःच दचकली. तो तर हातातलं पुस्तक खाली ठेवायचंच विसरला.

बाईंनी दोन्ही पुस्तकं टेबलावर ठेवली. मग तिच्याकडे वळून म्हणाल्या, "महिनाभर तुम्हाला पुस्तक मिळणार नाही. आणि तुम्ही हो, लाल कान! आजची मोजणी चोख झाली, तर कायम करायचं बघू. आधी यांना दारापर्यंत सोडून या. उभ्या उभ्या पडतील इथे."

बाहेर पावसाची भुरभुर चालली होती. पायरीवर दोघं उभे राहिले, मध्ये हातभर अंतर ठेवून.

"महिनाभर काय वाचणार मी?" ती रडकुंडीला आली होती.

"पुस्तक देता येणार नाही मला..." तो अडखळला. "पण गोष्ट सांगता येईल. रोज. समोर चहा मिळतो. म्हणजे, तुमची हरकत नसेल तर—"

"कुठली गोष्ट?"

"एक घाबरट मुलगी असते. एक तिच्याहून घाबरट मुलगा. तो तिला तोंडाने काही सांगू शकत नाही, म्हणून तिच्यासाठी पुस्तकं ठेवत बसतो. ती त्याला फार... फार आवडते."

"आणि शेवट?"

"तो मला माहीत नाही. त्याचीच तर भीती वाटतेय."

तिने त्याच्याकडे पाहिलं. हे ओझं आपण एकट्याच वाहत नव्हतो तर!

"शेवट चांगला होतो," ती म्हणाली. "तुम्ही सांगा पुढे."