अकरा वीसची थरथर

डॉक्टरबाईंची पिकअप तिसऱ्यांदा गॅरेजात आली तेव्हा मिस्त्री ओशाळला. गाडी बाईंची असली तरी उंच त्यानेच केली होती. बाई जनावरांच्या डॉक्टर. आडबाजूच्या गोठ्यांवर जाताना गाडीचं पोट चिखलात घासायचं, म्हणून त्याने स्प्रिंगांना चार इंचांचे ठोकळे लावले, मोठे टायर चढवले आणि गाडी कशी रुबाबात उभी आहे हे आठवडाभर येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवलं. आता तिचं स्टीअरिंग थरथरत होतं आणि दोष काही हाती लागत नव्हता.

गाडी उंच केली की पुढच्या चाकांचे कोन बदलतात, जोडांवर ताण येतो, हे त्याला नवं नव्हतं. पहिल्या खेपेला त्याने चाकं बॅलन्स केली. दुसऱ्या खेपेला चाकं वळवणाऱ्या टाय रॉडचे जॉइंट बदलले आणि एकूण एक बोल्ट पुन्हा आवळला. दोन्ही वेळा कामं उरकल्यावर, संध्याकाळी, गाडी चालवून पाहिली. दोन्ही वेळा ती लोण्यासारखी चालली आणि दोन दिवसांत बाईंचा फोन आला.

"मिस्त्री, आज पुलावर कठड्याला घासली," या खेपेला बाई समोर उभ्या राहून म्हणाल्या. गायीची लाथ खाऊनही न चढणारा त्यांचा आवाज चढला होता. "लेक शेजारी बसली होती माझ्या."

"बाई, मी स्वतः चालवून बघितली. काही म्हणजे काही नव्हतं."

"संध्याकाळी ना? संध्याकाळी मलाही काही जाणवत नाही. सकाळी होतं, अकरानंतर. अर्ध्या तासाने जसं काही झालंच नाही."

मिस्त्रीची बायको काउंटरमागे फिल्टरच्या खोक्यांवर आकडे घालत होती. गॅरेजातले सुटे भाग आणि गिऱ्हाइकांची तोंडं, दोन्ही तीच सांभाळायची. मान वर न करता ती म्हणाली, "दुखणं सकाळचं आणि तुम्ही नाडी बघता संध्याकाळी."

बाईंना हसू आलं नाही. त्या चावी ठेवून निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता दोघं नवरा-बायको गाडी घेऊन हमरस्त्याला लागले. रस्ता सरळ, कोरडा, जवळजवळ मोकळा. डॅशबोर्डवरच्या घड्याळात अकरा वीस झाले आणि स्टीअरिंग मिस्त्रीच्या हातात जागं झालं.

तीस वर्षांत त्याने नाना तऱ्हांची थरथर हातात घेतली होती. सैल पडलेल्या भागाला एक ताल असतो. वेग वाढवला की तो वाढतो, ब्रेक दाबला की पडतो. या थरथरीला ताल नव्हता. ती थांबत होती, दम खात होती, मग एका बाजूला जोर लावत होती. त्याने चाक सरळ धरलं की मनगटापासून कोपरापर्यंत हादरे बसायचे.

"तुम्ही कुणाशी ओढाताण करताय?" बायकोने विचारलं.

"कुणाशी म्हणजे?"

"तसं दिसतंय इथून. तुम्ही सरळ ओढताय, आणि कुणीतरी दुसरीकडे."

"उगाच काहीतरी बोलू नकोस," तो म्हणाला. पण त्याने गाडी बाजूला घेतली आणि साडेअकरापर्यंत हलवली नाही.

पुढच्या सकाळी त्याने पिकअपचं पुढचं धूड जॅकवर उचललं. चाकं जमिनीपासून वीतभर वर, इंजिन बंद. स्टीअरिंग लॉक होऊ नये म्हणून चावी फक्त एक घर फिरवलेली. अकरा वीसला तो गाडीखाली होता, टॉर्च जॉइंटवर रोखून. कुणी हात न लावता दोन्ही चाकं सावकाश डावीकडे वळली. थोडा वेळ तशीच राहिली. मग सरळ झाली.

तो सरपटत बाहेर आला. वर बघितलं तर स्टीअरिंग फिरत होतं. फार नाही. सरळ रस्त्यावरही चालवणाऱ्याचे हात चाकाला अधूनमधून इकडे-तिकडे हलकेच सावरत असतात, तसं. पूर्ण नऊ मिनिटं ते चाललं आणि थांबलं.

त्याने बायकोला सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी अकरा वीसला तिला गाडीपाशी आणून उभं केलं. तिसऱ्या दिवशी ती वही आणि भिंतीवरचं घड्याळ घेऊन आली आणि एकेक वळण मिनिटा-सेकंदांसकट लिहून काढलं. चौथ्या दिवशी पडताळून पाहिलं. सेकंदाचाही फरक नव्हता.

"डावीकडे पूर्ण. मग सरळ, दीड मिनिट," ती वाचत होती. "मग उजवीकडे, आणि बराच वेळ तसंच धरलेलं." वाचता वाचता ती थबकली. "अहो, हा पाण्याच्या टाकीचा वळसा आहे. तिथे चाक असंच धरून ठेवावं लागतं."

"आणि पहिलं डावीकडे?"

तिने दाराबाहेर बघितलं. "आपलं फाटक."

डॉक्टरबाईंचे दिवसातून दोन फोन येत होते. त्या कुणाची तरी गाडी मागून गोठे फिरत होत्या. मिस्त्रीला दुसरा मार्ग सुचला नाही. पाचव्या दिवशी त्याने पिकअप खाली उतरवली आणि अकरा वीसला फाटकातून बाहेर काढली. बायको शेजारी, वही मांडीवर. त्याने चाक नुसतं बोटांनी धरलं. पाय ब्रेकवर तयार.

थरथर नावालाही नव्हती.

गाडी डावीकडे वळली. टाकीला वळसा घालून गिरणीच्या भिंतीच्या कडेने निघाली. तो फक्त वेग सांभाळत होता. इतकी हलकी, इतकी गुणी गाडी त्याने जन्मात चालवली नव्हती आणि त्याच्या पाठीला घाम फुटला होता.

"आता इथे एक मिनिट काहीच नाहीये," बायको हलक्या आवाजात म्हणाली. "थांबत असावी."

त्याने ब्रेक दाबला. शेवटच्या घराचं फाटक होतं ते. फाटकाशी खुर्ची टाकून एक म्हातारे गृहस्थ बसले होते. ते काठी टेकत गाडीजवळ आले.

"आज आवाज आला," ते म्हणाले.

"कसला आवाज?"

"इंजिनाचा. एरवी नुसतीच येते."

मिस्त्रीने खिडकीतून मान बाहेर काढली. "आजोबा, ही गाडी? हीच?"

"एवढी उंच गाडी दुसरी कुणाची आहे इकडे? रोज येते. याच वेळेला."

"काल?"

"काल, परवा. थांबते जराशी आणि पुढे जाते."

काल आणि परवा गाडी जॅकवर होती.

"पुढे काय आहे?" बायकोने विचारलं.

"पुढे काय असणार? रस्ता संपतो. खाली जुनी खाण आहे, पाण्याने भरलेली." म्हाताऱ्यांनी काठी त्या दिशेला केली. "परत येताना मात्र मी तिला कधी पाहिली नाही."

मिस्त्रीच्या बोटांखाली चाक अलगद हललं.

त्याने करकचून हँडब्रेक ओढला, इंजिन बंद केलं आणि खाली उतरला. वहीत अजून चार ओळी होत्या. सरळ. सरळ. थोडं उजवीकडे. मग डावीकडे पूर्ण, तसंच धरलेलं, आणि त्याच्यापुढे काही नाही.

साडेअकरा उलटून गेल्यावरही तो पुन्हा चाकामागे बसायला तयार नव्हता. "व्हा बाजूला," बायको म्हणाली. "मी चालवते." ती चाकामागे बसली आणि गाडी सरळ गॅरेजात आणली. वाटेत एकदाच बोलली. "किती छान चालते हो."

दुपारी त्याने डॉक्टरबाईंना फोन केला. "बाई, ही गाडी मी परत देणार नाही. तुम्हाला दुसरी तयार करून देतो."

"का पण? सापडलं काय शेवटी?"

"काही सापडलं नाही," तो म्हणाला. "म्हणूनच."

संध्याकाळपर्यंत त्याने स्टीअरिंग उतरवलं, त्याचा दांडा काढला, टाय रॉड सोडवून चाकांपासून वेगळा केला. पुढची चाकं काढून भिंतीला लावून ठेवली.

सकाळी अकरा वीसला तो पिकअपसमोर उभा राहिला. काहीही हललं नाही. एकवीस झाले. बावीस झाले. त्याने रोखून धरलेला श्वास सोडला. पंचवीस होईपर्यंत बघितलं, आणि मग बायकोला सांगायला वळला.

ती काउंटरजवळ स्टुलावर बसली होती. नट-बोल्ट निवडायची गोल परात मांडीवर, काठ दोन्ही हातांनी धरलेला.

परात किंचित उजवीकडे फिरली. पुन्हा सरळ झाली. बोल्ट एका बाजूला घरंगळले.

"अगं," त्याने हाक मारली.

"हं," ती म्हणाली. नजर दाराबाहेर, दूर, रस्त्यावर असावी तशी. "आलेच."

अकरा सव्वीस. म्हाताऱ्यांचं फाटक मागे पडलं होतं.

त्याने खाली पाहिलं. तिची उजवी टाच फरशीवर टेकलेली होती आणि चवडा सावकाश, एकसारखा खाली दाबला जात होता.