बाराची दुसरी घंटा

आमच्या गावात चर्चचं घड्याळ प्रत्येक तास दोनदा वाजवतं. बाराला बारा ठोके, आणि दोन मिनिटांनी पुन्हा तेच बारा. शेतात वाकलेल्या माणसाचं मोजणं चुकलं तर त्याला परत मोजता यावं, एवढाच त्यामागचा हेतू. मी गावच्या कचेरीत अर्धा दिवस कारकुनी करते. जुनी दप्तरं माझ्याच कपाटात आहेत, आणि त्यांत याहून वेगळं काही लिहिलेलं नाही.

ती दुसरी घंटा बंद करायचा प्रस्ताव मीच मांडला.

कारण आँसेल्म, माझा धाकटा. तो तेव्हा सात महिन्यांचा होता आणि माझ्या टेबलामागच्या टोपलीत झोपायचा. कचेरी चर्चला लागूनच आहे. पहिल्या ठोक्यांना तो नुसता चुळबुळायचा, दुसऱ्यांना टक्क जागा व्हायचा. एप्रिलच्या सभेत मी हे सांगितलं तेव्हा आमची सरपंच रेमोंद, जी एरवी बकऱ्या राखते, टेबलावर हात आपटून हसली.

"म्हणजे आजवर कुठल्या बिशपला जमलं नाही ते तुझ्या दात नसलेल्या पोराने केलं म्हणायचं!"

"दोन आलेत," मी म्हटलं.

"मग तर काय, बोलायलाच नको."

फक्त फिर्मँबाबा हसले नाहीत. एक्याऐंशी वर्षांचे. घड्याळ चालवणारं विजेचं खोकं बसेपर्यंत चाळीस वर्षं रोज मनोऱ्यावर चढून त्यांनीच घड्याळाला किल्ली दिली होती.

"एकदा वाजवलं की दुसऱ्यांदा वाजवायचं," ते म्हणाले. "बापाने मला तेवढंच शिकवलं."

"पण का, बाबा?"

"आमच्या वेळी बापाला 'का' विचारत नव्हते, पोरी."

सहा हात वर गेले, एक खाली राहिला. मी चर्चच्या मागच्या खोलीत गेले आणि राखाडी खोक्यावर 'पुन्हा वाजवणे' पुढचं 'हो' काढून 'नाही' केलं. दुसऱ्या दिवशी आँसेल्म दीड वाजेपर्यंत झोपला. मी किती दिवसांनी बसून जेवले.

पहिल्या आठवड्यात नुसती गंमत वाटायची. बारा वाजले की माणसं थांबायची. रेमोंद दुधाची बादली घेऊन गोठ्याच्या दारात उभी. टपालवाली सायकलवरून एक पाय जमिनीला टेकून उभी. गढीच्या बुरुजावरचे कावळे पहिल्या ठोक्याला उडायचे ते परत बसायचेच नाहीत, घिरट्या घालत राहायचे. कुणी हाक मारली की माणसं भानावर यायची आणि कामाला लागायची. कानांना सवय असते, मी स्वतःला सांगितलं. ती का आठवड्यात जाते?

गढीच्या किल्ल्या माझ्याकडेच असतात. उन्हाळ्यात पाहुणे आले तर मी त्यांना बुरुजावर नेऊन आणते. मेच्या मध्यावर, एका बुधवारी, शाळेला सुट्टी म्हणून ल्यूस बरोबर होती. ल्यूस माझी थोरली, चार वर्षांची. पाहुणे बघून निघून गेले होते. आँसेल्मला पाठीवर बांधून मी खालच्या दाराशी कुलूप हातात घेऊन उभी होते. ल्यूस गोल जिन्याच्या वळणावर बसली होती. तिचे फक्त बूट दिसत होते.

बारा वाजले.

"ल्यूस, चल."

"मी पुतळा झालेय."

हा आमच्या गावच्या पोरांचा खेळ. पहिल्या घंटेला जिथे असाल तिथे पुतळा व्हायचं, दुसरी वाजली की सुटायचं. मीही खेळले आहे, रेमोंदही.

"आता दुसरी वाजत नाही, राणी. सूप गार होईल."

मग बूट उठले, आणि ती खाली येऊन माझा हात धरून उभी राहिली. हात गार होता. दगडी जिन्यात बसल्यावर होणारच. मी कुलूप लावलं.

त्यानंतर सगळे ल्यूसचं कौतुक करू लागले. किती शहाणी झाली! बास्तियाँ, माझा नवरा, म्हणाला, "बहिणीने भावासाठी हट्ट सोडला बघ." ती वाढलेलं खायची, सांगितलं की झोपायची, केस विंचरताना ओरडायची नाही. आँसेल्म मात्र तिला बघून हसायचा थांबला. ती टोपलीवर वाकली की तो तिच्या खांद्यावरून पलीकडे बघायचा.

रविवारी संध्याकाळी आंघोळीनंतर मी तिची नखं कापते. त्या रविवारी कापायला काही नव्हतं. पुढच्या रविवारीही नाही. तिसऱ्या रविवारनंतर मी तिला तालुक्याच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी लोहाचं औषध लिहून दिलं. मी ते नेमाने देत राहिले. ती नेमाने पीत राहिली, एकदाही तोंड वाकडं न करता.

जूनच्या शेवटी आक्रोडाच्या झाडाखाली फिर्मँबाबा भेटले. ल्यूस माझ्या शेजारी उभी होती. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"बाबा, पुतळ्याच्या खेळात मध्येच कुणी हललं तर काय व्हायचं हो?"

"कुणी हललं नाही कधी."

"पण हललं असतं तर?"

त्यांनी टोपी काढून हातात घेतली. "तू कुणाची वाट बघतेयस, पोरी? जा. ते खोकं चालू कर."

मी हसणार होते. पण ल्यूसने त्यांच्याकडे बघून मान हलवली, मोठी माणसं हलवतात तशी.

दुसऱ्या दिवशी पावणेबाराला मी 'नाही'चं 'हो' केलं. आँसेल्मला रेमोंदकडे ठेवलं आणि ल्यूसचा हात धरून बुरुजाच्या दाराशी गेले. फिर्मँबाबा अंगणात थांबले. दार उघडलं. आत गारवा होता आणि दगडावर साचलेल्या पाण्याचा वास. वरच्या फटीतून येणारा उजेड वळणावरच्या पायरीवर पडला होता. पायरी रिकामी होती.

बारा ठोके पडले.

मी हात घट्ट धरला. कावळे उडाले. अंगणात फिर्मँबाबा खोकले, मग तेही थांबले.

दोन मिनिटं फार मोठी असतात.

पुन्हा बारा ठोके पडले.

शेवटचा ठोका विरला आणि वरून बूट वाजले.

"ममाँ! किती वेळ लावलास! माझ्या पायाला मुंग्या आल्या!"

ती वळणावरून खाली आली. तोंड रडवेलं, नाक वाहतंय, केस डोळ्यांवर आलेले. बोटांची नखं लांब, त्यांत काळी माती. बूट घट्ट झाल्यामुळे ती फेंगडी चालत होती.

माझ्या हातातला हात सुटला.

जिना अरुंद आहे. वर जाणारीने भिंतीला टेकून खाली येणारीला वाट दिली. दोघींपैकी कुणी दुसरीकडे पाहिलं नाही.

"भूक लागलीय," ल्यूस म्हणाली आणि माझ्या पोटात डोकं खुपसून रडू लागली. इतकी मोठ्याने, की अंगणातून फिर्मँबाबांचा आवाज आला, "हं! आता कसं घरचं पोर वाटतंय!"

मी तिला उचलून घरी आणलं. ती तीन वाट्या सूप प्यायली, तिने पाव फेकला, भावाला चिमटा काढला. आँसेल्म खदखदून हसला. रात्री बास्तियाँ म्हणाला, "शहाणपण संपलं वाटतं!" मी म्हटलं, हो, संपलं.

आता सप्टेंबर आहे. ल्यूस शाळेत जाते, नवे बूट घालते, कशालाही नाही म्हणते. घड्याळ दोनदा वाजतं. आँसेल्म दुसऱ्या घंटेला उठतो आणि मी उठून देते.

फक्त बाराला मी आँसेल्मला रेमोंदकडे ठेवते आणि किल्ली घेऊन बुरुजात जाते. पहिल्या घंटेनंतर त्या दिवशी वर गेलेली ती वळणाच्या पायरीवर असते. दुसरीनंतर नसते. दर तासाला जाणं मला जमत नाही. घरचं असतं, कचेरीचं असतं. पण सहा आठवडे ती मला ममाँ म्हणत होती, माझ्या हातचं खात होती, कडू औषध पीत होती. तिचं काय चुकलं होतं?

आम्ही फारसं बोलत नाही. ती पाठ करून बसते आणि मी तिच्या वेण्या घालून देते. दोन मिनिटांत एक वेणी होते, दुसरी अर्धीच राहते.

त्या खोक्यावर दोन घंटांमधला वेळही बदलता येतो. परवा मी दोनाचं तीन केलं. अजून कुणाच्या लक्षात आलेलं नाही.