नदीकडच्या तोफेचं बूच

दार नीट लावून घ्या रे, नदीवरचा वारा आत येतोय. हां. आता ऐका.

ज्याच्यावर हे बेतलं तो रूबेन टॅपसेल माझ्याच इमारतीत राहायचा. खोटं बोलणारा माणूस नव्हे. म्हणायचा, खोटं लक्षात ठेवायला डोकं लागतं, ते आपल्याकडे कुठलं? आपल्या वूलिचच्या जुन्या गोदीत त्या दोन तोफा आहेत ना, थेम्सकडे तोंड करून बसलेल्या, त्यांची देखभाल त्याच्याकडे होती. वर्षातून एकदा काळा रंग द्यायचा, पोरांनी तोंडात कोंबलेले चिप्सचे कागद काढायचे, एवढंच काम.

फेब्रुवारीची नऊ तारीख, सोमवार. दुपारी तीनला रूबेन ओकच्या लाकडाचं नवं बूच घेऊन थोरल्या तोफेपाशी गेला. जुनं बूच कुजून नाताळातच पडलं होतं आणि तोंडात पाणी जात होतं. भुरभुर पाऊस सुरू झालेला. आमच्या इमारतीच्या वरच्या गॅलरीतून शेजारच्या बेरिलबाईंनी हाक मारली, "काय रे रूबेन, तोफेला टोपडं घालतोयस होय?"

"सर्दी होईल म्हातारीला!" रूबेन खालून ओरडला.

"तुला होईल आधी! आटप लवकर आणि चहाला ये!"

रूबेनने आटपलं. लाकडी हातोड्याचे सहा ठोके घातले, बूच काठोकाठ बसलं. मग तो मागे गेला. तिथे वरच्या अंगाला बत्ती लावायचं बारीक भोक असतं. जुने लोक त्याला तोफेचा कान म्हणत. त्यातही पाणी जाऊ नये म्हणून त्याने खिडकीच्या काचेला लावतात ती लांबी भरली आणि बोटाने दाबून सारखी केली.

इथेच चुकलं त्याचं. त्याचा सासरा गोदीतला माणूस. त्याने जावयाला बजावून ठेवलं होतं, "बूच मारायच्या आधी आत हात घालायचा आणि हाक द्यायची. मग मारायचं. आणि कान कधी बुजवायचा नाही." म्हातारा सांगायचा, तोफ भरताना एक गडी त्या कानावर अंगठा दाबून उभा राही, आत हवा जाऊन ठिणगी फुलू नये म्हणून. लोखंड तापून लाल झालं तरी अंगठा उचलायचा नाही. कितीजणांचे अंगठे जळून गेले. तो कान त्यांचा, आपण बुजवायचा नाही, म्हणायचा.

"म्हणजे रूबेनकाकांनी आत बघितलंच नाही, आजोबा?"

नाही ना, टॅमसिन. बाही भिजेल म्हणून नाही बघितलं. एवढ्याशा गोष्टीसाठी.

रूबेनची बायको विनी जाऊन दोन वर्षं झाली होती. तिची मांजर तेवढी मागे राहिली होती, मस्टर्ड. मोहरीच्या चटणीसारखी पिवळीधमक. रोज रात्री नऊला ती खिडकीशी येई, रूबेन तिला माशाचा तुकडा देई, आणि ती विनीच्या खुर्चीवर जाऊन झोपे. त्या रात्री नऊ वाजले. साडेनऊ. दहा. तुकडा बशीत वाळून गेला.

आणि एकदम त्याला आठवलं. नाताळापासून, पाऊस आला की, मस्टर्ड त्या तोफेच्या तोंडात शिरून बसायची.

तोंड बंद. कानही बंद. तीन वाजल्यापासून.

हातोडा, पटाशी आणि टॉर्च घेऊन तो तसाच पळाला. अकरा वाजून वीस मिनिटं. ओहोटी लागलेली, नदीकाठी चिटपाखरू नाही. त्याने थंड लोखंडाला कान लावला.

आत खरवडल्याचा आवाज. हलका.

"मस्टर्ड! आलो गं, आलो!"

त्याने पटाशी घातली. ओकचं लाकूड पावसाने फुगलं होतं, ढिम्म हलेना. बोटं सोलली. टॉर्च खाली पडून विझला. तो "विने, माफ कर, विने" असं पुटपुटत ठोकत राहिला.

खरवडणं थांबलं.

"मस्टर्ड?..."

काही नाही.

तो मागे धावला. कानातली लांबी तरी काढावी म्हणून वाकला. बोट लावायच्या आधीच ती लांबी... वर आली. आतून. कोणी ढकलावी तशी. टपकन खाली पडली. त्या भोकातून त्याच्या गालावर ऊब आली. श्वासासारखी. वास तोफेच्या जळक्या दारूचा.

रूबेन हलला नाही.

मग पुढे, तोंडाकडे, लाकूड करकरलं. सहा ठोक्यांनी बसवलेलं बूच हळूहळू बाहेर सरकलं. गवतावर पडलं.

पळावं असं त्याला वाटलं. पण मांजर आत होती.

तो तोंडाशी गेला. सासऱ्याने शिकवलेली हाक त्याने तेव्हा दिली, आठ तास उशिरा.

"आत कोण आहे?..."

...

त्याने हात घातला. कोपरापर्यंत. खांद्यापर्यंत. लोखंड. गार लोखंड. मांजर नाही.

मग त्याच्या तळव्याला काहीतरी लागलं. केसाळ नव्हतं. खरखरीत होतं. ते त्याच्या हाताभोवती मिटलं. ओढलं नाही. दुखवलं नाही. नुसतं धरून ठेवलं... उशीर झालेल्या माणसाचा हात धरावा तसं.

आणि सोडलं.

घरी तो कसा पोचला ते त्याला आठवत नाही. दाराला कुलूप होतं, ते त्याने स्वतः उघडलं. खिडकीला आतून कडी होती. दिवा लावला.

विनीच्या खुर्चीवर मस्टर्ड झोपली होती. कोरडी. बशी चाटूनपुसून साफ.

रूबेन रडला थोडा. मग तिच्या पाठीवरून हात फिरवायला गेला, आणि तसाच थांबला.

रूबेन गेल्यापासून ती मांजर माझ्याकडे असते. ती बघा, हीटरजवळ. घाबरू नका, चावत नाही. साबण झाला, रॉकेल झालं, पण पाठीवरचा तो काळा डाग जात नाही. जवळ या, नीट बघा. कोणी अलगद उचलून नेलं असावं तसा हाताचा ठसा आहे.

बोटं मोजा.

चार आहेत. अंगठा नाही.