ठुमक्याचे मोजे

ठुमक्याची सणसणीत लाथ भिंगरीच्या नाकावर बसली आणि तिच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले. नाकातून रक्त ओघळलं, तरी पठ्ठीने त्याचा पाय सोडला नाही. हा पोरगा हल्ली मोजे का काढत नाही, एवढंच तिला बघायचं होतं. ठुमक्याने दोन्ही कान गच्च दाबले, घशाच्या शिरा ताणून किंकाळी फोडली आणि दुसऱ्या पायाने स्टूल उडवलं. स्टुलावरचा काचेचा जग फुटला. स्वयंपाकघरातून मामी धावत आली.

"पाय सोड आधी त्याचा!" तिने भिंगरीला बखोटीला धरून ओढलं.

ठुमक्या कोपऱ्यात जाऊन भिंतीवर डोकं आपटायला लागला. "मोजे हवेत, मोजे हवेत," एवढंच तो म्हणत होता. मामीने भिंतीशी आपला हात धरला, तेव्हा डोकं हातावर आपटत राहिलं.

ठुमक्या हा भिंगरीचा नऊ वर्षांचा मामेभाऊ. त्याला ऑटिझम आहे. बोलतो कमी, फिरता पंखा बघत तासन् तास बसतो, आणि चवड्यांवर चालतो म्हणून ठुमक्या. मोजे तर त्याचे जन्माचे वैरी! शाळेतून आला की दारातच भिरकावायचा. पण यंदा सुट्टीत भिंगरी आणि तिचा मोठा भाऊ (घरात त्याला सगळे फौजदार म्हणत) मामाकडे आले, तर ठुमक्या टाचा टेकून चालत होता आणि मोजे घालूनच झोपत होता.

मामी सगळ्यांना कौतुकाने सांगायची, की ही गल्लीच्या टोकाला असलेल्या, अशा मुलांसाठीच्या शिस्त केंद्राची किमया; ठुमक्या महिनाभर रोज तिथे जात होता. तिथल्या सरांनी बजावलं होतं, की घरी मोजे काढायचे नाहीत, नाहीतर लागलेली सवय मोडेल. अंघोळही केंद्रातच. आणि मामा-मामी, एवढी शिकलीसवरलेली माणसं, मान डोलावून हे सगळं पाळत होती. आता केंद्राचा मेळावा झाला, की ठुमक्याची बॅग तिथेच राहणार होती. वर्षभर मुक्काम!

भिंगरीला हे काही पटेना. तिला स्वतःला एडीएचडी होता. एका जागी बसणं तिला जमत नसे आणि हात लागेल ते सांडत असे. पण तिच्या डॉक्टरबाईंनी घाई केली नव्हती. आईबाबांशी बोलल्या, शाळेतल्या बाईंशी बोलल्या, तिच्याशी तर खूपच बोलल्या. मग गोळी ठरवली, अभ्यासाचे छोटे तुकडे करून दिले, मध्ये मध्ये पळायला सांगितलं. तरी भिंगरी भिंगरीच राहिली होती. हा ठुमक्या मात्र महिन्याभरात बदलला कसा?

"उद्या केंद्रामागच्या भिंतीवर चढायचं," फौजदाराने हुकूम सोडला. वयाने मोठा असल्याने हुकूम तोच सोडायचा आणि खरचटायचं मात्र भिंगरीला.

दुसऱ्या दिवशी दोघं भिंतीवर चढली आणि झरोक्यातून आत डोकावली. आत मुलांना कमरेच्या पट्ट्यांनी खुर्च्यांना बांधलं होतं. ठुमक्याचे पाय बाकड्यावर उघडे होते. सरांच्या हातात जाड लाकडी पट्टी होती.

"चवड्यावर चालशील?" सरांनी विचारलं आणि चवड्यावर पट्टी हाणली. ठुमक्या ओरडला. ओरडला म्हणून पुन्हा हाणली. मग तो ओरडायचाच थांबला. सरांनी शाबासकी दिली आणि सुजलेल्या पायांवर मोजे चढवले.

भिंगरीच्या अंगाचा तिळपापड झाला. तिने आरोळी ठोकली आणि सर बाहेर धावले. भिंगरी निसटली, पण फौजदार सापडला. सरांनी त्याचा हात पिरगाळून त्याला भिंतीवर असं आदळलं, की त्याचा ओठ फाटला.

दोघं घरी पोचण्याआधीच सरांचा फोन पोचला होता. तुमची भाचरं केंद्रावर दगड मारतात म्हणे! फौजदाराने खरं काय ते सांगायला तोंड उघडलं, तर मामाने खाडकन त्याच्या मुस्काटात दिली.

"माझ्या मुलाचं भलं झालेलं बघवत नाही तुम्हाला?" मामा म्हणाला.

फौजदार रडला नाही. तो भिंगरीला गच्चीवर घेऊन गेला. मोठ्यांना सांगून उपयोग नाही, पाय दाखवायलाच हवेत, हे दोघांना कळलं होतं. पण ठुमक्याच्या मोज्यांना हात लावू देणार कोण?

भिंगरी विचार करत येरझाऱ्या घालत होती. तेवढ्यात तिच्या धक्क्याने पाण्याची बादली लवंडली आणि फौजदाराचे मोजे चिंब झाले. त्याने वैतागून ते ओढून काढले. मग दोघं एकमेकांकडे बघतच राहिली.

मेळाव्याला सभागृह भरलं होतं. मंचावर सगळी मुलं पांढऱ्या मोज्यांत ओळीने उभी होती. सरांनी पट्टी नुसती वर केली आणि मुलं गोठली. आईबापांनी टाळ्या वाजवल्या. भिंगरीला त्या टाळ्यांची चीड आली.

मंचाच्या कडेला सरबताचं मोठं पातेलं ठेवलं होतं. भिंगरी तिथून जायला निघाली, अडखळल्याचं सोंग केलं आणि तिने पातेल्याला सगळी ताकद लावून लाथ घातली. सरबताचा लोंढा मुलांच्या पायांवरून गेला.

"हिचं हे नेहमीचंच!" फौजदार मोठ्याने ओरडला, म्हणजे कुणाला संशय नको.

आया मंचावर धावल्या. ओले, चिकट मोजे बघून एकेकीचे हात आपोआप मोज्यांकडे गेले.

"मोजे काढू नका!" सर किंचाळले.

मामी क्षणभर थबकली. "अहो, ओलेत ते," असं म्हणत तिने मोजा सोलून काढला. चवडा काळानिळा पडला होता, कातडी फुटली होती. पलीकडे दुसऱ्या आईच्या हातातून मोजा गळून पडला आणि ती मटकन खाली बसली.

सरांनी भिंगरीच्या झिंज्या धरल्या. पट्टी तिच्या दंडावर बसली, पाठीवर बसली. तिसऱ्यांदा पट्टी वर गेली, तोच ठुमक्या उड्या मारत आला आणि सरांच्या मनगटाला कडकडून चावला. सरांनी त्याला झटकून फेकून दिलं. मग मात्र मामा मंचावर चढला. त्याच्या पहिल्याच ठोशाने सर पातेल्यावर जाऊन कोसळले. बाकीचे बापही पुढे आले, तेव्हा फौजदाराने आधीच फोन करून बोलावून ठेवलेले पोलीस दारातून आत शिरले. नाहीतर सरांचं काही खरं नव्हतं!

घरी आल्यावर मामा फौजदारासमोर उभा राहिला. "तुला मारायला नको होतं रे. तुम्ही दोघं होतात म्हणून माझा पोरगा वाचला," म्हणाला आणि हमसून हमसून रडला.

पुढे भिंगरीच्या डॉक्टरबाईंनी ठुमक्याला तपासलं. भिंगरीची पाठ थोपटून त्या म्हणाल्या, "तू नीट बघितलंस." ऑटिझम मारून काढायचा नसतो, त्यांनी मामा-मामीला समजावलं. त्याला बोलायला चित्रं द्या, आवाज सोसत नसतील तर कमी करा, पोटऱ्यांचे व्यायाम खेळातून घ्या, आणि तो नको म्हणाला तर ऐका.

पाय बरे झाले. एका सकाळी मामीने घाबरत घाबरत त्याच्यासमोर मोजे ठेवले, घालायचे तर घाल म्हणून. ठुमक्याने एक मोजा उचलला, नीट बघितला आणि भिरकावला. तो नेमका भिंगरीच्या नाकावर बसला.

"ह्याला माझंच नाक कसं सापडतं!" भिंगरी करवादली.

"मोजे नको," ठुमक्या म्हणाला आणि चवड्यांवर ठुमकत पंख्याखाली गेला. मामी रडत रडत हसत होती, आणि टाचा टेक असं त्याला कुणीही म्हटलं नाही.