उमरझिऱ्याची ओल

साक्रीच्या कॉलेजात बाजाराच्या दिवशी कार्यशाळा ठेवू नये, हे मला कोणीतरी आधी सांगायला हवं होतं. निम्मी मुलं बाजारात होती आणि उरलेली मोबाइलमध्ये. मी धुळ्याहून सकाळच्या एसटीने गेले होते. विषय होता, इतिहास आणि समाजशास्त्राच्या अभ्यासासाठी इंटरनेटवर फुकट काय काय मिळतं. माझं नाव सुलक्षणा, पण आमच्या विभागात मला पाठीमागे 'फुकटे मॅडम' म्हणतात. ते मला ठाऊक आहे आणि त्याचं मला मुळीच वाईट वाटत नाही. कुठल्या कुठल्या ग्रंथालयांनी जुने नकाशे, गॅझेटियर, उत्खननांचे अहवाल, पावसाच्या नोंदी स्कॅन करून जगासाठी उघडून ठेवल्या आहेत, आणि आपले लोक संदर्भ मिळत नाहीत म्हणून रडत बसतात, याचा मला मनापासून राग येतो.

मी पडद्यावर या भागाचा ब्रिटिशकालीन सर्व्हेचा नकाशा उघडला, तेव्हा मागच्या बाकावर धोतर-टोपीतले एक म्हातारे गृहस्थ उठून उभे राहिले. कॉलेजात भूगोल शिकवणारे प्रशील सर त्यांना घेऊन आले होते. दोघं एकाच गावचे, नवं उमरझिरं इथले. म्हाताऱ्यांचं नाव भाईदास आबा.

"मॅडम, त्याम्हा आमनं जुनं गाव दिखी का?" त्यांनी विचारलं.

चहाच्या वेळी प्रशीलनी सगळं सांगितलं. त्यांच्या आत्ताच्या गावामागे एक टेकडी आहे, जुन्या वस्तीची राखट पांढरी माती असलेली. पूर्वी कधीतरी मोठी साथ आली आणि अख्खं गाव टेकडी सोडून खाली आलं. सरकारी दफ्तरात जुनं उमरझिरं फक्त 'बेचिराख' म्हणून राहिलं, म्हणजे जिथे दिवाही लागत नाही असं गाव. आता नव्या रस्त्याच्या भरावासाठी ती टेकडी उकरायची ठरली होती आणि एका बाजूने मशीन लागलंही होतं. टेकडी जुन्या गावाची आहे असा पुरावा होळीच्या आत आणा, नाहीतर आम्हाला थांबवता येणार नाही, असं तहसीलमधून स्पष्ट सांगितलं होतं. भाईदास आबांकडे पुरावा म्हणून स्वतःचा शब्द होता, आणि तो कुठल्याच कार्यालयात चालत नव्हता.

मला असलं काही समोर आलं की स्फुरण चढतं. मी तिथल्या तिथे पदर खोचला.

नकाशात उमरझिऱ्याचं नाव सापडलं, पण इंग्रजी अक्षरं नाल्यापासून टेकडीच्या पलीकडपर्यंत पसरलेली. गाव नेमकं कुठे, ते कळायला मार्ग नव्हता. गॅझेटियरमध्ये दीड ओळ मिळाली. तेवढ्यावर मी अर्ज लिहिला आणि पुरातत्त्व विभागाचे एक अधिकारी पाहणीला आले. माणूस सभ्य, कमी बोलणारा. गाव कुठे होतं असं त्यांनी विचारल्यावर सगळ्यांनी एकमुखाने टेकडीच्या पायथ्याचं निंबाचं झाड दाखवलं. तिथे ते दर आखाजीला घागर भरतात. अक्षय तृतीयेला आमच्या खानदेशात आखाजी म्हणतात. त्या दिवशी गेलेल्या माणसांच्या नावाने पाण्याची घागर भरायची, वर खरबूज आणि सांजोऱ्या ठेवायच्या, आणि एकेकाचं नाव घेऊन उंबऱ्यावर पाणी सोडायचं. हे लोक घरची घागर झाली की निंबापाशी येऊन पुन्हा पाणी सोडतात.

निंबाखाली चाचणीचा खड्डा घेतला. काही म्हणजे काही निघालं नाही. साधं खापरही नाही.

अधिकारी गेल्यावर भाईदास आबांची वहिनी, द्रौपदाबाई, डोक्याला हात लावून बसल्या. त्यांना आता आठवलं होतं. निंब ही गावाची वेस होती. साथीमुळे गाव सोडताना कोणी आत पाऊल टाकायचं नाही, वेशीबाहेरूनच पाणी द्यायचं, असं ठरलं होतं. पुढच्या पिढ्या पाणी देत राहिल्या आणि ठरलेलं विसरल्या. आम्ही अख्ख्या गावाच्या साक्षीने गावाबाहेर खड्डा खणला होता. परतीच्या गाडीत मी सगळा रस्ता चडफडत राहिले.

पण हार मानायची सवय मला नाही. पुढच्या आठवड्यात मी पुन्हा साक्रीला गेले आणि भर दुपारी प्रशील आणि मी कॉलेजच्या संगणकासमोर बसलो. उपग्रहाची जुनी छायाचित्रं आता कोणालाही बघता येतात. जमिनीखाली भिंती असतील तर उन्हाळ्यात माती तिथे वेगळी दिसते, हा साधा नियम. आम्ही एकेका वर्षाचा उन्हाळा उघडत गेलो. टेकडी प्रत्येक वेळी सारखीच, भाजलेली, करडी.

मग एक छायाचित्र उघडलं आणि प्रशीलचा हात माऊसवरच थांबला.

टेकडीच्या माथ्यावर गडद ठिपके होते. ओल्या मातीचे, एकाशेजारी एक, सरळ ओळींत. मधे अरुंद पट्टे मोकळे सोडलेले, गल्ल्यांसारखे. निंबापाशी मात्र काहीच नव्हतं.

झाडं लावायला खड्डे खणले असतील, मी म्हटलं. प्रशील म्हणाले, तिथे कधीच झाडं लावली नाहीत. पाऊस पडला असेल म्हणून मी त्या वर्षीच्या पावसाच्या नोंदी काढल्या. महिनाभर थेंब नव्हता. छायाचित्रात दोष असेल म्हणून आजूबाजूची शेतं पाहिली. ती स्वच्छ होती, विहिरींचे काठसुद्धा रेखीव दिसत होते. मग आम्ही तारीख पाहिली. टाळेबंदीच्या वर्षातली आखाजी. सकाळची वेळ.

मी लगेच भाईदास आबांना फोन लावला.

"त्या वरीसले कोन्हीच गयं नही," ते म्हणाले. "पोलीस घरबाहेर निंघूच देत नव्हतात."

 प्रशीलनी नव्या उमरझिऱ्याच्या घरांचा आराखडा काढला आणि त्या ठिपक्यांवर ठेवून थोडा फिरवला. नवी वाढलेली घरं सोडली तर सगळं जुळलं. खाली येताना लोकांनी जुना शेजार मोडला नव्हता. जो ज्याच्या भिंतीला होता तो तिथेच पुन्हा बसला होता. पूर्वेची वेगळी गल्लीसुद्धा जुळली. ती बौद्धवाड्याची, प्रशीलच्या घराची.

"आमच्याकडे घागर भरत नाहीत," प्रशील म्हणाले. त्यांच्या गल्लीतही प्रत्येक दारापाशी ठिपका होता.

मी कारणांच्या मागे लागणारी बाई आहे. त्या दुपारी मी कारण बाजूला ठेवलं, कारण होळी तोंडावर होती. मी छायाचित्र, पावसाच्या नोंदी आणि दोन गावांचे एकावर एक ठेवलेले आराखडे जोडून पुन्हा अर्ज केला. अधिकारी पुन्हा आले. त्यांनी एक ठिपका निवडला आणि तिथे खणायला सांगितलं.

फार खोल जावं लागलं नाही. कुदळ दगडावर वाजली.

घडीव दगडाचा उंबरा होता, मधे पायांनी झिजलेला. त्याच्या आत शेणाने सारवलेली जमीन, चूल, खापरं. दुसऱ्या ठिपक्याखाली दुसरा उंबरा. तिसऱ्याखाली तिसरा. जिथे ठिपका तिथे दार, एकदाही चूक नाही. मला आनंदाने ओरडावंसं वाटत होतं, आणि मी ओरडलेही. मशीनवाला चालक खाली उतरून आमच्यात येऊन उभा राहिला होता. खणणाऱ्यांपैकी एकाने उंबऱ्यावर हात ठेवला आणि चटकन काढून घेतला. मी हात लावून पाहिला. वरची माती भाकरीच्या तव्यासारखी तापली होती आणि तिच्याखालून नुकताच निघालेला दगड गार होता, ओलसर.

अधिकाऱ्यांनी मला बाजूला घेतलं आणि ही ओल कशाची असं हळूच विचारलं. मला माहीत नाही, मी म्हटलं. त्यांनी अहवालात 'ओलाव्याच्या खुणांवरून घरांची जागा निश्चित झाली' एवढंच लिहिलं. त्या एका वाक्याने मशीन परत गेलं.

टेकडी राखीव झाल्याचं पत्र आलं त्या दिवशी नव्या उमरझिऱ्यात ढोल वाजले. भाईदास आबांनी माझ्या डोक्यावर फेटा चढवला. फुकट मिळालेल्या चित्रांवर अख्खं गाव परत मिळवलं होतं आम्ही. माझ्या विभागातल्या लोकांना मी त्या फेट्यातला फोटो पाठवला.

मी द्रौपदाबाईंना छायाचित्र दाखवलं होतं. त्या मुळीच दचकल्या नाहीत.

"आपन त्यास्ना नावनी घागर भरतस," त्या म्हणाल्या. "त्या वरीसले आपन गऊत नही. मंग त्यास्नी आपला नावनी भरी."

पुढे आखाजी आली आणि सगळं गाव वेस ओलांडून वर गेलं. किती पिढ्यांनी, कोण जाणे. बायका घागरी घेऊन, पुरुष ढोल घेऊन. ऊन चढत होतं. प्रत्येक कुटुंब आपापल्या उंबऱ्याच्या जागी जाऊन उभं राहिलं, न चुकता, जणू कालच तिथून बाहेर पडलं होतं. प्रशीलनी पाण्याची बाटली आणली होती. तहानलेल्याला पाणी द्यायला कशाची हरकत, असं म्हणून ते आपल्या गल्लीत गेले. मला तिथे उंबरा नव्हता. मी गल्लीच्या तोंडाशी उभी राहिले. 

भाईदास आबांनी हात वर केला. ढोल थांबले. सगळ्यांनी एकदम नावं घेतली आणि पाणी सोडलं.

घागरी रिकाम्या झाल्या. लोकांनी त्या खाली ठेवल्या.

पाण्याचा आवाज थांबला नाही.

तो उंबऱ्यांच्या आतून येत होता. तिथे नुसती माती होती आणि ऊन. पाणी सांडायचं, मग एक नाव, पुन्हा पाणी. म्हाताऱ्या बाईचा आवाज, न घाबरवणारा. आपल्या घरच्यांची नावं घ्यावीत तसा.

भाईदास. द्रौपदा.

द्रौपदाबाईंनी पदर डोक्यावर ओढला आणि हात जोडले. त्या हसत होत्या.

गल्ली गल्लीतून नावं येत राहिली. ज्याचं नाव येई तो मान झुकवी. प्रशीलचं आलं. तान्ह्या पोरांचीही आली. कोणी पळालं नाही. कोणाला पळावंसं वाटलं नाही.

मग क्षणभर थांबून एक नाव आलं. सुलक्षणा. आणि त्यापुढे माझ्या वडिलांचं नाव.

त्या टेकडीवर सगळे मला मॅडम म्हणतात. वडिलांचं नाव मी तिथे कोणाला कधी सांगितलं नव्हतं.

ढोल पुन्हा सुरू झाले. पोरं नाचायला लागली, कोणीतरी माझ्यावर गुलाल उधळला. इतका आनंद मला आयुष्यात झाला नव्हता. मी खाली पाहिलं, तेव्हा माझ्या दोन्ही पायांभोवतीची माती काळी पडत चालली होती.