पांढऱ्या झग्यावरचा लाल ठिपका

क्लेमंट पावसातून दुकानात शिरला, तेव्हा हेस्टरच्या तोंडात टाचण्या होत्या.

लंडनच्या किंग्ज रोडवरचं आमचं ते चिमुकलं दुकान. हेस्टर मालकीण, मी विनी, इस्त्रीवाली. माझी इस्त्री अशी कडक, की कोट गिऱ्हाइकाची वाट न बघता स्वतःच चालत घरी जायचे!

"मला कटिंग येतं," तो म्हणाला. बार्बाडोसचा पोरगा, अंगावर स्वतः शिवलेला देखणा कोट. "काम आहे का?"

"हं..." हेस्टर म्हणाली. तोंडात टाचण्या असल्यावर माणूस दुसरं काय म्हणणार?

त्यानं कोट खुंटीला टांगला.

टाचण्या काढून ती ओरडली, "अरे, मी 'नाही' म्हणत होते!"

"उशीर झाला, बाईसाहेब. कोट टांगलाय."

तो राहिलाच. ती चित्रं काढायची, तो कापायचा. झगे गुडघ्याच्या वर चढत गेले, तशा बसगाड्या आमच्या काचेसमोर आपोआप थांबायला लागल्या. मासिकांत हेस्टरचे फोटो झळकले. कापड धरताना दोघांची बोटं एकमेकांना लागायची, मग दोघंही उगाच कात्री शोधत बसायची — कात्री त्याच्या हातातच!

मग आला सगळ्यात मोठा फॅशन शो. शेवटचा कपडा नवरीचा, पांढऱ्या रेशमाचा.

"याची कड हातानंच शिवायची," आदल्या दिवशी क्लेमंट म्हणाला. "मशीनवर रेशीम आवळेल."

भोवती वार्ताहर उभे. हेस्टर बोलून गेली, "तुला कापायला ठेवलंय, शिकवायला नाही."

त्यानं कात्री हळूच खाली ठेवली. "पॅरिसहून बोलावणं आलंय मला. उद्या दुपारच्या गाडीनं जातो."

"जा की! अडवलंय कोणी?"

सकाळी येऊन बघतो तर कड शिवून तयार! हातानं, टाका दिसेल तर शपथ. आणि कडेवर... रक्ताचा लाल ठिपका.

"कोणाला सुई लागली?" हेस्टरनं विचारलं. शिवणाऱ्या पोरींपैकी एकही कबूल होईना.

आता, आमच्या धंद्यात शेंबडं पोरही जाणतं — कापडावर पडलेलं रक्त ज्याचं त्याच्याच थुंकीनं निघतं. सगळ्या मुलींनी दोरा चघळून ठिपक्यावर घासला. ढिम्म! मी घासला, रेशमाला जिन दारूचा वास आला, ठिपका तसाच. शेवटी हेस्टरनं घासला. तरीही नाही.

ती पांढरी पडली, मग लाल. "विनी... दुकानाची किल्ली त्याच्याकडे पण होती."

झगा खांद्यावर टाकून ती टॅक्सीत बसली. मी मागोमाग, हातात तापलेली इस्त्री. टॅक्सीवाल्यानं भाडं मागितलं नाही, का ते तुम्हीच समजा.

व्हिक्टोरिया स्टेशनावर क्लेमंटचा एक पाय पायरीवर होता.

"थुंक!" हेस्टर धापा टाकत म्हणाली.

"अहो, इतक्या लोकांत?"

"थुंक म्हणते ना!"

त्यानं दोरा चघळला, घासला. ठिपका असा गेला, जणू कधी नव्हताच.

"म्हणजे तूच..." ती म्हणाली. "एवढं बोलले मी, तरी?"

"तुमच्यावर रागावलो होतो," तो म्हणाला. "झग्यावर नाही."

घाईत कडेचा एक टाका निसटला होता. काहीतरी करायला हवं म्हणून तिनं तोंडात टाचण्या धरल्या आणि खाली वाकली. शिट्टी झाली. क्लेमंटची पेटी अजून डब्यातच होती.

"बाईसाहेब," तो हळूच म्हणाला, "काम आहे का?"

या खेपेला तिनं नुसतं "हं" केलं नाही. एकेक टाचणी तोंडातून काढून त्याच्या कॉलरला टोचत गेली. शेवटची टोचून झाल्यावर म्हणाली, "काम नाही. दुकानाच्या पाटीवर माझ्या नावाशेजारी जागा आहे. आणि... घरीही आहे."

"आणि ठासून सांगतो, कड हातानंच."

"हातानंच रे बाबा!"

पेटी एकटीच पॅरिसला गेली. इस्त्री वाटेत निवली, म्हणून नवरी ओल्या कडेनंच शोमध्ये चालली — आणि त्या उन्हाळ्यात लंडनच्या झाडून सगळ्या नवऱ्या झग्याची कड भिजवून लग्नाला उभ्या राहिल्या. चर्चमध्ये चिखल! खोटं वाटतं? क्लेमंटची कॉलर बघा. टाचण्या त्यानं अजून काढल्या नाहीत.