एका घराची दोन गिऱ्हाइकं

त्यांची पहिली भेट स्वयंपाकघरातल्या सिंकखाली झाली. ती उकिडवी बसून भिंतीला ओल आहे का ते तळव्याने चाचपत होती. तेवढ्यात तो टॉर्च घेऊन वाकला आणि उजेड सरळ तिच्या डोळ्यांत गेला.

"सॉरी... मला वाटलं, पाइप आहे."

"पाइप पलीकडे आहे. मी गिऱ्हाईक."

"अहो, गिऱ्हाईक तर मी आहे!"

दोघांनी एकदमच मागे वळून पाहिलं. दारात एजंट हात चोळत उभा होता. "बघा, किती मागणी आहे या घराला! घ्यायचं तर ताबडतोब." दर वाक्यात ताबडतोब म्हणायची खोड असल्यामुळे त्याचं नावच ताबडतोब पडलं होतं.

घर कोणीच घेतलं नाही. ओल होती.

ती दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या लॅबमध्ये कामाला होती आणि आईसोबत दादा-वहिनीकडे राहायची. घर भाड्याचं. आता दादाची बदली झाली होती आणि दोन-तीन महिन्यांत जागा सोडायची होती. "तुम्हीही चला," दादा म्हणाला होता, मनापासून म्हणाला होता. पण आईचं शिवणाचं मशीन कित्येक वर्षं गॅलरीत प्लास्टिक पांघरून उभं होतं, कारण आत जागा नव्हती. नव्या गावात नवी गॅलरी मिळाली असती, इतकंच. तिला खिडकीपाशी मशीन मावेल असं घर हवं होतं, तेही स्वतःच्या पगारात बसणारं.

"एवढंच एवढंच म्हणत राजवाडा मागतायत आमच्या वन्सं," वहिनी हसायची.

दुसरं घर स्टेडियमच्या मागे होतं. तिथे तो हजर. तिसरं रेल्वे फाटकापलीकडे. तिथेही तोच, टॉर्चसकट.

"तुम्ही माझा पाठलाग करताय का हो?"

"मी तुमच्या आधी आलोय. म्हणजे पाठलाग झालाच तर... तुमच्याकडून."

त्या दिवशी दोघं कोपऱ्यावरच्या टपरीत चहा प्यायला बसले. तिने सरळ त्याचं बजेट विचारलं. असं विचारणं वय विचारण्याहून वाईट, पण त्याने सांगून टाकलं. आकडा जवळपास तिचाच होता.

"तरीच! ताबडतोबने आपली जोडी लावलीय," तो म्हणाला आणि कपात बघत पुटपुटला, "म्हणजे... गिऱ्हाइकांची."

"एकाला दुसऱ्याची भीती दाखवायची, की दोघंही घाईला येतात."

"मग आपण उलटं करायचं का?"

ठरलं ते असं. घर तिला आवडलं तर तिने चष्मा डोक्यावर सरकवायचा. त्याला आवडलं तर त्याने टॉर्च खिशात टाकायचा. ज्याला आवडलं त्याने गप्प राहायचं आणि दुसऱ्याने मालकासमोर त्या घराला मनसोक्त नावं ठेवायची, म्हणजे भाव उतरतो. कोणी कोणाचं घर पळवायचं नाही.

त्यानंतर सुट्टीच्या दिवशी दोघं मुद्दाम तासभर आधी येऊन वस्ती बघायला लागले. तो लिफ्टा दुरुस्त करायचा आणि राहायचा वर्कशॉपच्या माळ्यावरच्या खोलीत. त्याला फक्त तळमजला हवा होता.

"लिफ्टवाल्याचाच लिफ्टवर विश्वास नाही?"

"ओळख जास्त आहे ना."

ती हसली. कवळ्या बनवणारी माणसं हसताना दात दाखवत नाहीत, असं त्याला उगीचच वाटायचं. ते चुकीचं निघालं.

स्वस्त आणि चांगली वस्ती ओळखायची त्याची स्वतःची एक रीत होती. "जिथे चप्पल शिवणाऱ्याचा धंदा चालतो, तिथे माणसं पायी फिरतात. म्हणजे दुकान, दवाखाना, शाळा जवळ. आणि चप्पल फेकून न देता शिवून घेतात, म्हणजे भावही आपल्यातले."

ती दोरीवरचे कपडे बघायची. "लहान मुलांचे, म्हाताऱ्यांचे, सगळे एकाच गल्लीत वाळत असले, तर माणसं तिथे टिकतात. नुसतेच पुरुषांचे शर्ट दिसले की समजावं, सगळे पुढच्या महिन्यात जाणारे."

"आणि दोरीवर काहीच नसलं तर?"

"मग ती वस्ती तुमच्या-माझ्या बजेटात नाही."

आपण एकाच घरातली माणसं असल्यासारखं 'तुमच्या-माझ्या' म्हणालो, हे तिच्या बसमध्ये बसल्यावर लक्षात आलं. त्याच्या तिथल्या तिथे आलं होतं.

घरं मात्र जमेनात. कुठे पाणी दोन मजले चढायचं नाही, कुठे जाहिरातीतली बाग जाहिरातीतच राहिलेली. चष्मा नाकावर होता, टॉर्च हातात. दादाकडे खोकी भरायला सुरुवात झाली. आईने मशीनवरचं प्लास्टिक काढून धुतलं आणि पुन्हा पांघरलं.

मग ते घर आलं. बसच्या शेवटच्या थांब्याला, जिथे बस वळसा घालून परत फिरते, तिथे. तळमजला, मागे लिंबाचं झाड. गल्लीच्या तोंडाशी चप्पल शिवणारा, दोरीवर दुपट्यापासून धोतरापर्यंत सगळं. घरमालकीण निवृत्त शाळामास्तरीण. सगळे त्यांना बाई म्हणत. त्यांना लेकीकडे राहायला जायचं होतं.

आतल्या खोलीत पूर्वेची खिडकी होती आणि खिडकीखाली जागा. बरोबर तेवढीच. तिला तिथे आई दिसली, सुईत दोरा ओवताना... आणि त्याच क्षणी तिने वळून पाहिलं, तर त्याचा टॉर्च खिशात जात होता.

पण शब्द तो शब्द. आणि लिंबाच्या झाडाकडे बघताना त्याचा चेहरा असा झाला होता, की... असो. तिने सुरुवात केली.

"दार किती कुरकुरतंय हो!"

"खिडकीही लहानच आहे," तो म्हणाला.

हा का बोलतोय, तिला कळेना. "ओटा उंच आहे."

"बसचा आवाज येणार दिवसभर."

"झाडाची मुळं उद्या घराच्या पायात शिरतील."

"फरशी एकीकडे उतरलीय बघा."

दोघंही कामात पक्के. एकाने दगड ठेवावा, दुसऱ्याने चुना लावावा, तशी त्या घराची निंदा वर चढत गेली. ताबडतोब मध्ये पडायला बघत होता, पण त्याला फटच सापडेना.

"झालं?" बाई म्हणाल्या. आवाज अजिबात चढला नव्हता. "या ओट्यावर मी सगळा संसार केला. घर विकायला काढलंय, चव्हाट्यावर मांडलेलं नाही. या आता."

ताबडतोबने कपाळाला हात लावला. दोघं मुकाट्याने थांब्यावर येऊन उभे राहिले. बस अजून आली नव्हती.

"तू कशाला बोललास मध्येच?" ती फणकारली.

"काय म्हणालात?"

"...बोललात. कशाला बोललात, म्हटलं. टॉर्च खिशात गेला ना तुमचा? मग गप्प बसायचं!"

त्याने हाताकडे पाहिलं. मग खिसा चाचपला. "गेला की. मला कळलंच नाही. पण तुमचा चष्मा डोक्यावर होता... आहे."

तिने हात वर नेला. चष्मा केसांत होता.

"म्हणजे तुम्ही घराला नावं ठेवत होतात, ती..."

"तुम्हाला मिळावं म्हणून. आणि तुम्ही?"

बस आली, वळली, दार उघडून थोडा वेळ थांबली आणि तशीच निघून गेली.

"चला," ती म्हणाली. "माफी तरी मागू."

बाई अंगणात लिंबं वेचत होत्या. दोघांनी सगळं सांगितलं. एकाचं वाक्य दुसरा पुरं करत होता आणि चष्म्या-टॉर्चपाशी दोघंही अडखळले. बाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"आमचे हे असेच होते," त्या म्हणाल्या. "भाजी आवडली की म्हणायचे, मीठ कमी आहे, परत बघू जरा. पातेलं रिकामं व्हायचं." मग ओचा सावरत विचारलं, "भाव एक पैसा उतरणार नाही. घर कोणाला हवंय?"

"यांना," तो म्हणाला.

"यांना," ती म्हणाली.

"तुमचं ठरू दे आधी. मी लिंबं धुऊन येते." आणि गरजेपेक्षा बराच वेळ आत नळ वाहत राहिला.

"तुम्ही घ्या," तो हळूच म्हणाला. "आईंचं मशीन खिडकीखाली बसतंय. मी मघाशी मापून ठेवलं."

"कशाने?"

"वितीने. तुम्ही बघत नव्हतात."

तिने लिंबाकडे पाहिलं. तिकडे बघणं जरा सोपं होतं. "आणि तुम्ही?"

"मी काय... येईन अधूनमधून. दाराला तेल घालायला."

"एकदा घातलं की दार बरेच दिवस कुरकुरत नाही."

"मग फरशी बघायला. मग... चहाला." तो थांबला. "रोज आलो तर चालेल?"

"रोज इतक्या लांब?" ती म्हणाली. वाक्याचा उरलेला भाग तिला आवरता आला नाही. "रोज यायचं तर परत कशाला जायचं?"

आतला नळ बंद झाला.

त्याचा टॉर्च पुन्हा हातात आला होता, सवयीने. तो तिच्याकडे बघत राहिला, घराकडे नाही, आणि त्याने तो सावकाश, तिला दिसेल असा, खिशात टाकला.

तिचा चष्मा अजून डोक्यावरच होता. तिने तो काढला नाही.

"नियम आठवतो ना?" ती म्हणाली. "पसंत पडलं की दुसऱ्याने नावं ठेवायची."

"ठेवा की सावकाश," तो म्हणाला. "आता काय घाई आहे?"